चालू आणि वाढव

डिगंबरनानांच्या घरी साखर कधी संपली नाही. ती वाढायची.

मी जळगावहून धुळ्याला बिऱ्हाड घेऊन आले त्याच्या आठव्याच दिवशी नानांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, भिंतीवरून डोकावून मला सांगितलं, "आज चहा गुळाचाच केला गं. साखर वाढली." मी नवीन, भोळी आणि त्या दिवसांत साखरेला महाग. उठले, वाटी घेतली आणि गेले. म्हटलं, "वाढलीच आहे तर वाटीभर द्या की माई." माईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे पाहिलं, आणि वाटीत गुळाचा खडा ठेवून दिला. हसल्या नाहीत. हसायचं त्यांनी नंतर सगळ्या गल्लीबरोबर वाटून घेतलं.

आता आपल्याकडे बांगडी फुटली की वाढली म्हणतात, वाणी दुकान वाढवतो, देवापुढं नारळ वाढवतात. मलाही ते माहीत होतं. पण ते सणासुदीच्या कपड्यांसारखं, वेळ बघून काढायचं. नानांनी तो शब्द रोजच्या नेसणीत काढला होता. त्यांची शाई वाढायची, चप्पल वाढायची, घड्याळ वाढायचं. नळ रोज सकाळी आठला वाढायचा. "खिडकी वाढव गं, धूळ येते," असं ते माईंना सांगायचे. संपलं, तुटलं, विझलं, बंद पडलं, असलं काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून निघालं की ते कानावर हात ठेवायचे. "बोललेलं घरात राहतं, वहिनी," असं मला म्हणायचे. जसं काही मी शब्द नव्हे, उवा आणल्या होत्या त्यांच्या घरात.

घरापुरतं होतं तोवर ठीक. पण नाना कचेरीत रेकॉर्डवर कारकून होते. फाईल निकालात निघाली की त्यावर 'प्रकरण बंद' असा शेरा मारायचा असतो. नाना लिहायचे, 'प्रकरण वाढविले'. जुने साहेब सवयीचे होते. मग एक नवे साहेब घाटावरून बदलून आले. त्यांनी एका बांधाच्या भांडणाची फाईल पाहिली आणि लाल शाईत लिहिलं, 'कोणाच्या आज्ञेने वाढविले?' नानांनी खाली लिहिलं, 'नियमाप्रमाणे वाढविले.' साहेबांनी लिहिलं, 'तात्काळ मिटवा.' नानांनी लिहिलं, 'मिटले म्हणूनच वाढविले.' असं करत त्या मिटलेल्या भांडणाची फाईल वीतभर जाड झाली. म्हणजे शेवटी नानांचंच खरं झालं.

तर अशा या नानांनी स्कूटर घेतली.

धुळ्यात तेव्हा स्कूटर म्हटलं की माणसं ओट्यावरून उठून बघायची. नानांच्या वाट्याला वडिलांच्या जमिनीचा तुकडा आला, तो त्यांनी विकला आणि नंबर लावला. पन्नाशीचा माणूस, पोर ना बाळ, कचेरी घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर. स्कूटर कशाला? गल्लीनं याचा फार विचार केला. विचार करण्यात मी पुढं होते, हे कबूल करते. कोणी म्हणे म्हातारचळ, कोणी म्हणे साहेबावर छाप पाडायला. नाना म्हणाले, "हिला सोनगीरला न्यायचं आखाजीला."

सोनगीर माईंचं माहेर. आग्रा रोडवर, किल्ल्याच्या पायथ्याशी. धुळ्याहून एसटीनं तासाचा रस्ता. पण माईंना एसटी लागायची. नुसती लागायची नाही, स्टँडवर डिझेलचा वास आला तरी त्या पदर तोंडाला लावायच्या. आणि आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी गेली नाही तर ती सणाला जेवलीच नाही असं धरतात. झोके, गाणी, सांजोऱ्या, सगळं माहेरच्या अंगणात. गल्लीतल्या बायका महिनाभर आधी पिशव्या झटकायला लागायच्या. माई मात्र कितीतरी वर्षं आखाजीला घरी राहून आमच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

पण स्कूटर दारात आली आणि माई म्हणाल्या, "मी नाही बसायची."

"का?"

"ऊन किती! वैशाखातलं. भाजून निघीन मी."

दुसरा नवरा असता तर म्हणाला असता, बरं राहिलं. नाना गफूर मिस्त्रीकडे गेले. गफूरभाईचं स्टँडजवळ बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान. खेड्यापाड्यातून लोक रेडिओच्या बॅटऱ्या डोक्यावर घेऊन त्याच्याकडे यायचे. त्यानं कुठल्याशा भंगार मोटारीतला तळहाताएवढा पंखा काढला, स्कूटरच्या मागच्या सीटकडे तोंड करून बसवला, आणि त्याच्यासाठी पाठीमागे लाकडी पेटीत एक वेगळी बॅटरी ठेवली. कारण स्कूटरचा स्वतःचा दिवा इंजिनावर चालायचा, इंजिनाच्या जिवावर पंखा फिरवायला गफूरभाई तयार नव्हता.

माई पंख्यापुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वारा बरा आहे. पण ते ट्रक! अंगावरून गेला म्हणजे?"

नानांनी मोटारीचा हॉर्न बसवला. तो वाजला की पहिल्यांदा टांग्यांचे घोडे उधळायचे आणि मग टांगेवाले.

माई म्हणाल्या, "वाजतो खरा. पण तुम्हाला मागचं ऐकू येत नाही. मी पडले तर सोनगीरला गेल्यावर कळेल तुम्हाला."

नानांनी घंटा बसवली. दारावरची विजेची घंटा असते तशी. बटण मागच्या सीटपाशी, घंटा नानांच्या गुडघ्यापाशी. आणि माईंना पाठ करायला दिलं. एकदा दाबलं म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा, तीनदा म्हणजे पडले.

"पडल्यावर बटण कसं दाबू?" माईंनी विचारलं.

नाना विचारात पडले. म्हणाले, "पडायच्या आधी दाब."

मग येताना दिवेलागण झाली तर पाय कुठं ठेवायचा म्हणून पायापाशी एक छोटा दिवा आला. अशी ती स्कूटर. गल्लीत उभी असली की वाटायचं, कोणाचं तरी लग्न आहे.

एक गोष्ट नानांच्या लक्षात यायची नाही. रोज संध्याकाळी ते एकेक वस्तू चालवून बघायचे आणि काहीतरी एक चालू ठेवून जेवायला बसायचे. कधी पंखा, कधी पायाचा दिवा. सकाळी बॅटरी वाढलेली. मग बॅटरी पिशवीत घालून गफूरभाईकडे. शेवटी गफूरभाईच कंटाळला. आमच्या ओट्यासमोर स्कूटर आडवी लावून बसला आणि म्हणाला, "नाना, इतलं सोपं शे. बॅटरीच्या तोंडाशीच एक खटका बसवतो. बॅटरीची एकच वायर तोडायची, मधी खटका. पंखा विसरा, घंटा विसरा, मला विसरा. घरी आल्यावर हा एक खटका खाली केला की बठ्ठं..."

"गफूरभाई!" नाना ओरडले.

"बठ्ठं झोपी जाई," गफूरभाई म्हणाला. बठ्ठं म्हणजे सगळं. जुनं गिऱ्हाईक होतं, त्याला सवय होती.

खटका बसला. घरातल्या बटणासारखाच, काळा, मागच्या सीटच्या उजव्या अंगाला. नानांना स्वतःच्या आठवणीचा भरवसा नव्हता, म्हणून त्याचा ताबा माईंकडे द्यायचं ठरलं. गफूरभाईनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, बारीक ब्रश घेतला, वर लिहिलं 'चालू'. खाली लिहायला हात नेला आणि थांबला. "इथं काय लिहू, ते तुम्हीच सांगा. मी लिहीन ते तुम्हाला चालायचं नाही."

"वाढव लिहा," नाना म्हणाले.

"वाढव?"

"वाढव."

गफूरभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासत होते, ती जोरात घासायला लागले.

आखाजी चार दिवसांवर आली. माईंजवळ आता कारण उरलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "आधी कोणाला तरी बसवून आणा. मग बघू." नानांनी गल्लीभर नजर फिरवली आणि ती आमच्या घरातल्या माणसावर येऊन थांबली. आमचे मास्तर. शाळेत मराठी शिकवायचे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर वाण्याच्या पाटीसमोर उभे राहून पाटी पुसायला लावणारे. नाना मला हळूच म्हणाले, "वजनाला ही आणि मास्तर सारखेच पडतील, वहिनी." हे मी मास्तरांना सांगितलं नाही. माईंना सांगितलं.

मास्तर धोतर सावरून बसले. बायका ओट्यांवर आल्या. नानांनी हॉर्न दिला, पंखा सोडला, आणि भर दुपारी पायाचा दिवा लावून दोघं आग्रा रोडला लागले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी मला दोन तऱ्हांनी सांगितलं, त्यातून जुळवून लिहिते.

नगाव मागं पडलं. पुढं कडब्यानं भरलेली बैलगाडी, रस्त्याच्या मधोमध, गाडीवान वर झोपलेला. नानांनी हॉर्न दाबला. पंखा आणि दिवा सगळ्या वाटेनं चालू, त्यामुळं बॅटरी दमलेली. हॉर्न म्हशीसारखा वाजायचा तो शेळीसारखा वाजला. नाना ओरडले, "मास्तर, हॉर्न बारीक झाला हो!"

मास्तर मदतीला तत्पर. त्यांनी उजव्या हाताला पाहिलं. खटका. वर 'चालू', खाली 'वाढव'. चालू तर होताच. बारीक झाला म्हणजे काय करायला पाहिजे, हे व्याकरणाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळेल. मास्तरांनी वाढवला.

पंखा थांबला. दिवा गेला. हॉर्न मुका झाला. नाना बटण दाबतायत, गाडी जवळ येतेय, आणि मास्तर मागून घंटेचं बटण दाबतायत, एकदा, दोनदा, तीनदा, पण घंटाही त्याच खटक्यावर. शेवटी स्कूटर नाना-मास्तरांसकट कडब्यात शिरली. लागलं कोणाला फारसं नाही. मास्तरांच्या कपाळाला खोक पडली, नानांची टोपी कडब्यात राहिली ती राहिलीच. बैल थांबले. गाडीवान जागा होऊन वरूनच म्हणाला, "कोन शे रे मांगे?"

नाना कडब्यातून म्हणाले, "काही नाही दादा. हॉर्न वाढला."

"हॉर्न वाढना, मंग माले ऐकू कसं नही उनं?"

दोघं स्कूटर ढकलत परत आले ते भांडतच. आमच्या ओट्यावर तासभर खडाजंगी झाली. मास्तर म्हणाले, "वाढव हे आज्ञार्थी क्रियापद आहे. वाढव म्हणजे वाढव!" नाना म्हणाले, "वाणी दुकान वाढवतो म्हणजे काय भिंती मागं सारतो? नारळ वाढवता तेव्हा तो कलिंगडाएवढा होतो?" मास्तर म्हणाले, "खटका म्हणजे नारळ नव्हे!" मी मध्ये पडून विचारलं, "पानं वाढू का?" दोघंही माझ्यावर एकदम ओरडले.

माईंनी नानांच्या गुडघ्याला हळद लावली, कपड्यांतला कडबा काढला, आणि म्हणाल्या, "बरं झालं. सुटला विषय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्याकडे आले. उघडं डोकं, टोपी नाही. एवढा खाली गेलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "वहिनी, तुम्ही विचारा तिला. आता आणखी काय बसवू? ती सांगेल ते बसवतो. यंदा गेली नाही तर ती कधीच जायची नाही."

मी गेले. माई सांजोऱ्यांसाठी रवा भाजत होत्या. घरात दोघंच, पण रवा दहा माणसांचा. मी म्हटलं, "माई, गाडीत अजून काय कमी आहे?"

झारा फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "गाडीत काही कमी नाही गं. एवढं माणूस करतं का कोणासाठी?"

"मग?"

"मला मुराळी कोण येणार?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे लेक आपण होऊन माहेरी जात नाही. माहेराहून तिला न्यायला माणूस यावा लागतो, तो मुराळी. भाऊ येतो, भाचा येतो, कोणी नाही तर गडी येतो. पण येतो. माईंचा एकच भाऊ. तो होता तोवर दर आखाजीला बैलगाडी घेऊन यायचा, आणि आठ वर्षांमागं तो गेला. आता सोनगीरला विधवा भावजय तेवढी, एकटी. तिनं पाठवायचं कोणाला?

"तू तरुण आहेस, तुला नाही समजायचं," माई म्हणाल्या. "बायकोला नवरा स्वतः माहेरी नेऊन सोडतो तो कधी? टाकायची असते तेव्हा. त्यात माझी कूस अशी. मी ह्यांच्या मागं बसून गावात शिरले की पारावरचे म्हणतील, अखेर आणून सोडली. त्यांना कसं सांगू हे? ते बिचारे पंखा बसवतायत."

एसटी लागायची ती आठ वर्षांपासून, हे मला तेव्हा सुचलं. त्याआधी त्या बैलगाडीनं जायच्या, म्हणून कोणी हिशेबच केला नव्हता. आणि या बाईवरून आणि तिच्या पंख्यावरून मी गल्लीला हसवत फिरले होते.

मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. नाना नुसतं "अस्सं," म्हणाले आणि गेले. दुपारी गफूरभाई पान्हा-पेचकस घेऊन आला, पंखा उतरवला, हॉर्न उतरवला, घंटा, दिवा, पेटी, खटका, सगळं पोत्यात भरून घेऊन गेला. मला वाटलं, हरले नाना.

आखाजीच्या दिवशी पहाटेच स्कूटरचा आवाज गेला. माईंनी घागर भरली, पूजा केली. दहाच्या सुमाराला स्कूटर परत आली. पण नानांनी ती आपल्या दारात नेली नाही. समोरच्या निंबाखाली लावली, परक्या माणसासारखी. डोक्याला गुलाबी फेटा, नवा, कडक, बांधायची सवय नसल्यानं एका कानावर उतरलेला. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. ते आपल्याच ओट्याच्या पायरीशी उभे राहिले, आत गेले नाहीत, आणि खाकरले.

माई दारात आल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात होत्याच.

नाना अहिराणीत बोलले. घरात ते कधी बोलत नसत, कचेरीतली भाषा बोलायचे. "सोनगीरथीन उनू. वैनीनी धाडं माले. आखाजीले तुले लेवाले उनू." वैनी म्हणजे माईंची भावजय; तिनं धाडलं म्हणून तुला न्यायला आलो, असं.

कोणीतरी फिसकन हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. माई आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, पाहुण्याच्या घालतात तसं. गुळाचा खडा हातावर ठेवला. मग जोत्यावर बसून विचारायला लागल्या.

"वैनी बरी शे ना?"

"बरी शे. गुडघा दुखस म्हने."

"विहिरले पानी शे का?"

"शे. पन खोल गयं."

"निंबले झोका बांधेल शे का?"

"बांधेल शे. दोर नवा शे."

माईंनी पदरानं तोंड पुसलं. मग नाना आमच्या ओट्याकडे वळले. तिथं मास्तर कपाळाला पट्टी लावून वर्तमानपत्र वाचत होते. कडब्याच्या दिवसापासून दोघांचं बोलणं नव्हतं.

"मास्तर," नाना म्हणाले, "घरात वडीलधारं कोणी दिसत नाही. तुम्ही शेजारचे. लेकीला चार दिवस न्यायचं म्हणतो. धाडता का?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, "तिचा नवरा कुठं आहे?"

"सकाळपासून दिसला नाही."

"बेजबाबदार माणूस आहे."

"माणूस बरा आहे," नाना म्हणाले. "गाडी नीट चालवत नाही एवढंच."

मास्तर उठून उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे, ताठ. "न्या," म्हणाले. "पण आणून पोचवायची जबाबदारी तुमची."

माई हिरवं लुगडं नेसून आल्या. सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन एका अंगाला बसल्या. स्कूटर निघाली, आणि आग्रा रोडच्या वळणापर्यंत गल्लीतली एकही बाई दारातून हलली नाही.

नाना संध्याकाळी एकटे परत आले. मी त्यांचं ताट आमच्याकडेच मांडलं. ते मास्तरांच्या शेजारी बसले, फेटा काढून बाजूला ठेवला, दोन घास खाल्ले. मग हात तसाच ताटात ठेवून मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही भाषेतले. ते चार दिवस म्हणालो ना मी, ते चारच धरायचे, का माहेरी गेलेल्या बायका म्हणतात तसे, दहा-पंधरा व्हायचे चार?"

मास्तरांनी त्यांच्या ताटात आमरसाची वाटी सरकवली. म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या दिवशी जाऊन विचारून या."